रुमालावर चालणारं पथक

खांद्यावर एकच पट्टी असलेल्या माणसाला ‘साहेब’ म्हणायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचा आणि आदल्या महिन्यापर्यंत मधल्या सुट्टीत माझ्याच डब्यातली भाजी खायचा. मग तो प्रशिक्षणाला गेला, निळा गणवेश शिवून परत आला आणि पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाला की गुरुजी, आता पोरांसमोर मला नावानं हाक मारत जाऊ नका, कमिशन मिळालेल्या माणसाला ते शोभत नाही. मी म्हटलं, बरं बापा, साहेब म्हणतो. तेव्हापासून तो साहेब झाला. इथंही मी त्याला साहेबच म्हणणार आहे, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गोंडपिपरीच्या रस्त्यावरचं आमचं गाव. शाळेच्या तीन बाजूंना धानाची बांधी आणि चौथ्या बाजूला तलाव. ऐंशीच्या दशकात आजूबाजूच्या शाळांना खाकी कपड्यातली छात्रपथकं मिळत होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मात्र चंद्रपूरवाल्यांजवळ नसेल असं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी नागपूरला चकरा मारल्या, कोणाकोणाला बासमती तांदळाचे कट्टे पोचवले आणि हवाई छात्रपथक आणलं. विमान आमच्या गावानं पाहिलं होतं ते फक्त ढगाच्या वरून जाणारं, बोटाएवढं. विमानाचे नमुने बनवायचं सामान येणार येणार म्हणून सहा वर्षं आलंच नाही. मग मी बांबूच्या कामट्या तासून आणि पतंगाचा कागद चिकटवून विमानं करायला शिकवलं. ती चांगली उडायची. एक तर तलाव ओलांडून पलीकडच्या बांधीत जाऊन पडलं होतं.

पोरं पथकात असतात ती शिकायला, हे मला कळतं. पण पथकात मोठी माणसं असतात ती कशाला, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. मास्तरच सगळे. कोणी भूगोल शिकवतो, कोणी शिवण शिकवतो, आणि शनिवारी सकाळी गणवेश चढवला की तो अधिकारी. सगळ्यात खाली थर्ड ऑफिसर, त्याच्या खांद्यावर एक पट्टी. मग सेकंड, त्याला दोन. मग फर्स्ट. सगळ्यात वर चीफ ऑफिसर, तो मी आयुष्यात एकदाच पाहिला, नागपूरच्या शिबिरात, आणि तो मच्छरदाणी कोणाच्या खोलीत लावायची यावरून भांडत होता. थर्डनं सेकंडला सलाम ठोकायचा, सेकंडनं फर्स्टला. जेवणाच्या रांगेत फर्स्ट पुढे. दोन फर्स्ट एकत्र आले तर ज्याची पट्टी आधीची त्याला आधी वरण. या लोकांपैकी एकालाही विमानाचं चाक कुठं असतं हे माहीत नव्हतं, पण वरणाचा क्रम कधी चुकला नाही.

आणि या सगळ्यांच्या खाली केअरटेकर. तो मी.

केअरटेकर म्हणजे अधिकारी नाही आणि शिपाईही नाही. मुख्याध्यापकांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की झाला. प्रशिक्षण नाही, गणवेश नाही, पट्टी नाही. पोरांना कवायत शिकवायची, बूट मोजायचे, हजेरी लावायची, नागपूरला जाणारे कागद भरायचे, आणि पाहुणे आले की साध्या कपड्यात झेंड्याच्या मागे उभं राहायचं. केअरटेकरला सलामी नसते. हा नियमच आहे. सलामी माणसाला नसते, पट्टीला असते, असं साहेब मोठ्या तोऱ्यात सांगायचे. पथकाला तीन वर्षं झाली तेव्हा नव्यानं भरती झालेल्या सातवीतल्या एका मुलीनं पहिल्याच आठवड्यात मला पाहून खाडकन सलाम केला. तलावावर मासे धरणाऱ्या एका ढिवराची ती पोरगी, उंच, काटक, रांगेत सगळ्यात उजवीकडे उभी राहायची. साहेबांनी तिला मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या. ती पळाली, परत आली, जागेवर उभी राहिली. मी बूट मोजत राहिलो.

गंमत अशी की आधी नाव माझंच गेलं होतं. चंद्रपूरच्या कॉलेजात असताना मी कवायतीत सार्जंट होतो, शिबिरं केली होती, हुकूम देता येत होते. मुख्याध्यापकांनी माझं नाव लिहिलं आणि अध्यक्षांनी ते खोडलं. चित्रकलेचे मास्तर त्यांचे जावई, कोरपन्याकडच्या कापूसवाल्या घरचे. माझा बाप जन्मभर बांबूच्या डेपोत ओझी वाहत होता, आणि आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत. यावर कोणी काही बोललं नाही. बोलायची गरज काय होती?

आता साहेबांची विद्या सांगतो. कवायतीत प्रत्येक हुकूम ठरावीक पायावर द्यावा लागतो. चालत्या पथकाला ‘थम’ म्हणायचं तर डावा पाय जमिनीवर पडताना म्हणायचं. उजव्यावर म्हटलं की अर्धी पोरं थांबतात, अर्धी पुढच्यावर जाऊन आदळतात. एवढीच गोष्ट आहे, आठवीतल्या पोट्ट्याला दोन दिवसांत जमते. साहेबांना सहा वर्षांत जमली नाही. त्यांच्या कानाला ताल म्हणून नव्हताच. लग्नात बँडबरोबर टाळ्या वाजवायचे तर बँडवाले त्यांच्याकडे पाहून चुकायचे. प्रशिक्षणात शेजारच्याचं बघून निभावलं असणार. इथं शेजारी कोणी नव्हतं. पहिल्या महिन्यात त्यांनी पथकाची अशी काही खिचडी केली की शाळेबाहेर सायकल थांबवून लोक बघायला उभे राहायचे.

मग त्यांनीच उपाय काढला. म्हणाले, गुरुजी, तुम्ही झेंड्याजवळ उभे असताच. हातात एक रुमाल धरा. डावा पाय पडला की रुमाल खाली करा, मी हुकूम देतो. मी म्हटलं ठीक. तेव्हापासून सहा वर्षं आमचं पथक रुमालावर चाललं. पांढरा, चौकोनी, बायकोनं कडा शिवलेला. मी तो मनगटाजवळ धरायचो, छातीएवढा उंच, आणि पाय पडला की खाली सोडायचो. साहेब तिकडे डोळे लावून ‘दाहिने मुड’, ‘पीछे मुड’, ‘थम’ ओरडायचे. तरी कधी उशीर व्हायचा, कधी त्यांची नजर बाजारातल्या ओळखीच्या माणसाकडे जायची. म्हणून मीच पोरांना हळूच सांगून ठेवलं होतं की बाबांनो, आवाज चुकला तरी घाबरू नका, रुमालाकडे पाहा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी साहेब अगदी थाटात असायचे. मंगळवारच्या बाजारात गणवेश. लग्नात गणवेश. एसटीत चढले की कंडक्टरला खांदा दाखवून पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला उठवायचे. एकदा तर तेरवीला टोपी काखेत मारून गेले आणि पंगतीत बसताना टोपी कुठं ठेवायची यावरून दहा मिनिटं उभे राहिले. भेंडी महाग मिळाली की भाजीवालीला म्हणायचे, आम्ही कमिशन्ड आहोत. ती बिचारी म्हणायची, असान बापा, भेंडी तेवढ्यालेच आहे. मी हे सगळं घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवायचो. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आणि मग ती विचारायची की तुमची पट्टी कधी येणार. मी हसायचं थांबायचो.

खोटं कशाला सांगू, मला ती पट्टी पाहिजे होती. मला तिच्यापेक्षा जास्त दुसरं काही नको होतं. साहेबाच्या पट्टीची मी टिंगल करत होतो आणि माझ्या पट्टीसाठी जीव टाकत होतो. बायकोनं तर गोंडपिपरीच्या टेलरकडून एक निळा शर्ट आधीच शिवून घेतला होता, खांद्यावर पट्टी अडकवायच्या पाळ्यांसकट. तो ट्रंकेत घडी करून ठेवला होता, डांबरगोळी घालून. दरवर्षी दिवाळीत ती तो उन्हात टाकायची आणि परत घडी करायची. वयाची अट बेचाळीस होती. बेचाळीस पूर्ण झाले की प्रशिक्षणाला घेत नाहीत.

एक्केचाळिसाव्या वर्षी संधी आली. साहेबांची दुसरी पट्टी व्हायची होती. त्यासाठी नागपूरहून विंग कमांडर येऊन पथकाची तपासणी करणार होते. तपासणी चांगली झाली की साहेब सेकंड ऑफिसर, आणि त्यांच्या खालची थर्ड ऑफिसरची जागा रिकामी. साहेबांनी मला चहा पाजला, स्वतःच्या पैशानं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. म्हणाले, गुरुजी, एवढी तपासणी निभावून द्या, तुमचं नाव मी स्वतः लिहितो. शाळेच्या देवीच्या फोटोकडे हात करून म्हणाले. मी भाबडा नव्हतो, पण लालचावलेला माणूस भाबड्याहून वाईट. मी हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट होती. तपासणी चांगली झाली तर आमच्या आठ पोरांना चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवरून छोट्या विमानात बसवून एक फेरी मारून आणणार होते. गावात दुसरं काही बोलणंच नव्हतं. आठांत पहिलं नाव त्या उजव्या टोकाच्या मुलीचं, ती तेव्हा दहावीत होती, पथकाची सार्जंट. तिनं बापाला सांगून ठेवलं होतं की विमान तलावावरून जाईल तेव्हा डोंग्यात उभा राहून हात हलव, मी वरून पाहीन. विमान तलावावरून कशाला जाईल, असं मी तिला म्हणालो नाही. मला तेव्हा विमानात रस नव्हता, मला पट्टीत होता.

महिनाभर मी पोरांना सकाळ-संध्याकाळ घासलं. धान कापून झालं होतं, मैदान कोरडं होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून निघून सरळ तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत चालायचं, दाहिने देख करत मंचासमोरून जायचं, आणि पाळीच्या अलीकडे मोहाच्या झाडाजवळ थम. तिथंच पाळ फोडून गुरांना पाण्यावर न्यायची उतरती वाट होती, म्हणून जागा नेमकी साधावी लागायची. पोरांचे पाय एकाच वेळी पडायला लागले. बुटांचा आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा. साहेब खुर्चीवर बसून गणवेशाची बटणं घासायचे.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. मला म्हणाले, गुरुजी, इंग्रजी जरा पाहून द्या, उद्या विंग कमांडरांच्या हातातच द्यायचं आहे. मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो. थर्ड ऑफिसरच्या जागेसाठी शिफारसपत्र होतं ते. नाव होतं त्याच वर्षी लागलेल्या पीटीच्या मास्तरांचं, अध्यक्षांच्या पुतण्याचं. खाली साहेबांची लफ्फेदार सही. मुख्याध्यापक पंख्याखाली बसून सुपारी कातरत होते. माझ्याच गळ्यावर चालवायची सुरी त्यांनी मला धार लावायला दिली होती, आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं असतं तरी एवढा राग आला नसता. मी दोन चुका सुधारल्या आणि कागद परत दिला.

साहेब मला बसस्टँडवर सापडले. टोपीच्या बिल्ल्याला पॉलिश आणायला चालले होते. मी विचारलं की पत्रात माझं नाव काऊन नाही. ते जराही शरमले नाहीत. खांद्यावर हात ठेवला आणि आपलेपणानं म्हणाले, “गुरुजी, तुमी या वयात कुठी पळापळ करता जी? अन् तुमी नसान त केअरटेकर कोण राहीन? तुमाले तेच शोभते.”

घरी आलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती फक्त उठली आणि ट्रंकेला कुलूप घातलं.

सकाळी तपासणी. मंडप, गुलाल, नारळ, अध्यक्षांच्या गळ्यात टॉवेल आणि डोक्यावर कोणाची तरी मागून आणलेली निळी टोपी, मानद काहीतरी व्हायची त्यांचीही हौस. विंग कमांडर खरा माणूस निघाला, वाळलेला, कमी बोलणारा, खऱ्या विमानातला. गुलाल लावू दिला नाही. झेंडा तलावाच्या अंगाला, चालत्या पोरांना समोर दिसेल असा, आणि त्याच्या मागे मी, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. रुमाल खिशात. सुरुवात मी नेहमीसारखी केली. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल. रुमाल खाली, साहेबांचा आवाज, पोरांचे बूट. सगळं घड्याळासारखं. मंचासमोर ‘दाहिने देख’ झालं, बावीस मुंडकी एकदम वळली. विंग कमांडरांनी शेजारच्याला काहीतरी म्हटलं आणि मान हलवली. साहेबांच्या खांद्यावर मला दुसरी पट्टी दिसायला लागली. तिच्या खाली पुतण्याची पहिली. आणि मी झेंड्यामागे, साठ वर्षांचा होईपर्यंत, हातात रुमाल.

मी रुमाल खिशात घातला.

माझा हिशोब एवढाच होता, आणि तो नीचपणाचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं. साहेब चुकीच्या पायावर थम म्हणतील, पोरं एकमेकांवर आदळतील, चार टोप्या पडतील, साहेबांची पट्टी जाईल. बस. पण मी विसरलो होतो की मीच काय शिकवलं आहे. मोहाचं झाड आलं. साहेब माझ्याकडे पाहत होते, तोंड उघडं. रुमाल नाही. ते ओरडले, थम! चुकीच्या पायावर. पोरं थांबली नाहीत. आवाज चुकला तर रुमालाकडे पाहायचं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. साहेब परत ओरडले, थम, थम! एकही पाय चुकला नाही. बावीस पोरं एका तालात मोहाचं झाड ओलांडून गुरांच्या वाटेला लागली.

पाणी तिथून पंधरा पावलं होतं. मला माहीत आहे, कारण मी ती मोजली. पंधरा पावलं पुष्कळ असतात. हात खिशातून काढून छातीशी न्यायला एक पाऊल पुरतं. उजव्या टोकाच्या मुलीची मान सरळ होती, पण डोळे माझ्याकडे वळलेले होते, ते मला इतक्या लांबूनही दिसले. मी साहेबांकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि मला ते बघायचं होतं. मन भरून बघायचं होतं.

पहिली ओळ पाण्यात गेली. मग दुसरी. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग लहान पोरांच्या कमरेपर्यंत. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. शेवटी विंग कमांडर स्वतः खुर्चीतून उठून गरजले, “परेड, थम!” नेमकं डाव्या पायावर. पोरं थांबली आणि पाण्यात सावधानमध्ये उभी राहिली. दोन-तीन टोप्या पाण्यावर तरंगत होत्या. तलावात जाळं टाकणारा तो ढिवर, मुलीचा बाप, डोंगा वल्हवत आला आणि जाळ्यानं टोप्या गोळा केल्या. मंडपात अध्यक्ष खो-खो हसत होते, कारण त्यांना वाटलं होतं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

विंग कमांडरांनी साहेबांना विचारलं की यांना कोणी शिकवलं. सहा वर्षांत प्रत्येक कागदावर, प्रत्येक भाषणात ते श्रेय साहेबांनी घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, सगळं केअरटेकर शिकवतात, सर. विंग कमांडर माझ्याजवळ आले, मला खालून वर पाहिलं आणि हिंदीत विचारलं की तुम्ही कोण. मी म्हटलं, “कोई नहीं, सर. केअरटेकर.” ते म्हणाले की पोरं फार चांगली आहेत. माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पथक बंद झालं. विमानातली फेरी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेला गेली. पुतण्याला पट्टी मिळाली नाही, मला मिळाली नाही, पुढच्या पावसाळ्यात मी बेचाळीस पूर्ण केले. फारसं नुकसान न झालेला एकच माणूस होता. साहेबांची दुसरी पट्टी गेली, पण पहिली कोणी काढून घेतली नाही, आणि ते तिच्यावरच बाजारात फिरत राहिले, पथक नसलेले अधिकारी. पुढे मुख्याध्यापक झाले. निवृत्तीच्या समारंभात भाषणात म्हणाले की मी हवाई दलाची सेवा केली आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं निळ्या शर्टाच्या पाळ्या ब्लेडनं उसवल्या. तो शर्ट मी शाळेत घालून घालून फाडला.

साहेबाला मी कितीही हसलो तरी थकत नाही, अजूनही नाही. तो फुसका माणूस होता. पण फुसक्या माणसानं कधी कोणाला पाण्यात चालवलं नाही, त्याच्या हुकमावर कोणी चालायचंच नाही. माझ्या रुमालावर चालायचे.

परवा गोंडपिपरीच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. आता मी म्हातारा, कानानं कमी. बारक्या मासोळ्या निवडत होतो तर तराजूमागची बाई म्हणाली, सर, त्या राहू द्या, या ताज्या आहेत. मी ओळखलं नाही. तिनं सांगितलं, उजव्या टोकाची. पन्नाशीची झाली आहे. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, बापाचा डोंगा आता भाऊ चालवतो. मी विचारलं विमानात कधी बसलीस का. ती हसली, म्हणाली, कायले बसतो जी आमी. मग मासे तोलता तोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सर, त्या दिवशी मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. तुमचा हात खिशात होता.”

मी हो म्हटलं. एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं.

“मले वाटलं, सर थांबवून नाई राह्यले, म्हणजे चालाचंच आहे. पाणी आलं तरी.” तिनं पिशवीची गाठ मारली. “आमी चाललो.”

पैसे दिले. मी खूप वेळ तिथंच उभा होतो, मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. माझ्या उभ्या जन्मात मला एकाच माणसानं सलामी दिली. खांद्यावर पट्टी नसताना दिली, आणि त्यासाठी तीन फेऱ्या मारल्या. ती माझ्यासमोर बसून पुढच्या माणसाला विचारत होती, भाऊ, तुमाले किती देऊ.